अव्वल कारकून आणि हाफ क्लच

छत्तीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी करून २००५ सालच्या मे महिन्यात मी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात मिळालेली शाल, एक नारळ आणि 'त्यांची उणीव या कचेरीस सदैव भासत राहील' हे, आजवर दहा-बारा निवृत्तांसाठी माझ्याच हातून लिहिले गेलेले वाक्य, एवढा ऐवज काखेत मारून साताऱ्याच्या वरच्या रस्त्याने घरी येत असताना माझ्या मनात एक अशी महत्त्वाकांक्षा आकार घेत होती, की जिची नुसती कुणकुण जरी वरिष्ठांना लागली असती तरी त्यांनी माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने शेरा मारला असता. मला मोटार चालवायला शिकायची होती.

या इच्छेचे मूळ शोधू गेल्यास ते १९७२ सालच्या दुष्काळात सापडते. त्या वर्षी माण आणि खटाव या तालुक्यांत सरकारने दुष्काळी कामे काढली होती आणि त्या कामांवरची हजेरीपत्रके तपासण्यासाठी रावसाहेब, म्हणजे आमचे तहसीलदार, आठवड्यातून तीन-तीनदा फिरतीवर निघत. जीपमध्ये पुढच्या डाव्या आसनावर रावसाहेब, चाकापाशी ड्रायव्हर, आणि मागच्या आडव्या बाकावर, नकाशांची भेंडोळी, फेरफाराची नोंदवही आणि रावसाहेबांचा डबा मांडीवर घेऊन, मी. नोकरीतला माझा हुद्दा पुढे वाढला; बाक तोच राहिला. मनुष्य ज्या बाजूने जगाकडे पाहतो त्याप्रमाणे त्याचे विचार घडतात असे म्हणतात. मी तीन तपे जगाकडे जीपच्या मागच्या भोकातून, म्हणजे जग मागे पळत असताना, पाहत आलो. ते समोरून येताना कसे दिसते, एवढीच माझी उत्सुकता होती.

आमच्या त्या ड्रायव्हरला सबंध कचेरी 'मामा' म्हणे. मामांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. परंतु कोरेगाव सोडून पुसेगावकडे जाताना वर्धनगडचा घाट लागला, की मामांच्या ठायी एखाद्या मृदंगवादकाची एकाग्रता अवतरत असे. त्या जीपला पुढे जाण्याचे गिअर तीनच होते, आणि त्यांतल्या पहिल्याला सिंक्रोमेश नावाची सोय नव्हती. सोय म्हणण्याचे कारण असे, की दोन वेगळ्या गतींनी फिरणारी दातेरी चाके एकमेकांत अडकवण्यापूर्वी त्यांना घासून-पुसून एका गतीवर आणणारे एक पितळी कडे या सिंक्रोमेशात असते. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ते १९२८ सालीच आले होते, परंतु आमच्या जीपच्या पहिल्या गिअरापर्यंत त्याची बदली झालेली नव्हती. त्यामुळे चढावर दम तुटू लागला म्हणजे मामा क्लच दाबून गिअर काढीत, क्लच सोडीत, एंजिनाला एक नेमकी फुंकर घातल्यासारखी रेस देत, पुन्हा क्लच दाबीत आणि दांडा पहिल्यात लोटीत. हे सारे, अंगणात पडलेले पारिजातकाचे फूल उचलावे इतक्या हळुवारपणे. यालाच डबल क्लच म्हणतात. पुढे रावसाहेब घोरत असत. एकदा मी मामांच्या कौशल्याची तारीफ केली, तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "भाऊसाहेब, गिअर पडल्याला मागच्याला कळला न्हाई पायजे. कळला, की ड्रायवर कच्चा."

हे वाक्य मी मनाच्या दप्तरात नोंद करून ठेवले होते. निवृत्तीनंतर ते बाहेर काढले.

भविष्यनिर्वाह निधीतून हाती आलेल्या रकमेचा काही भाग मोडून मी एक वापरलेली मारुती ८०० घेतली. तेवढ्या पैशांत गच्चीवर पत्रे झाले असते, हे आमच्या मंडळींचे मत मी पूर्ण विचारांती दप्तरी दाखल केले. गाडी पांढरी, तीन सिलिंडरांची, चार गिअरांची होती. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी प्रथम दिल्लीत रस्त्यावर आली त्या वेळी आम्ही कारकून मंडळी वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र एकमेकांच्या हातातून ओढून पाहत होतो आणि 'हिच्यात चार माणसे बसतात कशी' यावर मधली सुट्टी संपेतो खल करीत होतो, हे मला आठवत होते. आता तीच दाराशी उभी होती, आणि माणसे बसण्याचा प्रश्न नव्हता. ती हलणार कशी, हा होता.

महसूल खात्यात वाढलेला मनुष्य कोणत्याही कामाला प्रथम कायद्याच्या बाजूने हात घालतो. मी १९८८ चा मोटार वाहन कायदा त्याखालच्या नियमांसह विकत आणला आणि गाडीत पाऊल टाकण्यापूर्वी तो साद्यंत वाचून, महत्त्वाच्या कलमांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. कच्चे लायसन सहा महिने चालते. ते मिळाल्यापासून तीस दिवस लोटल्याखेरीज पक्क्यासाठी परीक्षेला बसता येत नाही. आणि अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हे मला कोणी मध्यरात्री उठवून विचारले असते तरी मी बिनचूक सांगितले असते. क्लच कोणत्या पायाने दाबतात, एवढे मात्र त्या ग्रंथात कोठेही नमूद नव्हते.

ती उणीव भरून काढण्यासाठी मी गावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली. शिकवायला आलेला मास्तर हा माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान, तेवीस-चोवीस वर्षांचा, ओठांवर नुकतीच मिसरूड फुटलेला असा तरुण होता. पहिल्याच दिवशी त्याने मला चाकापाशी बसवले, तिन्ही पेडलांची ओळख करून दिली आणि 'गाडी चालू करा' असे सांगून तो शेजारी बसला, तेव्हा मला या विद्येतील मूलभूत अन्यायाची जाणीव झाली: पेडले तीन आणि पाय दोन. तीन टेबलांचे काम दोन कारकुनांवर टाकणारा अधिकारी मी नोकरीत पाहिला होता; परंतु तिथे निदान रजेचा अर्ज करता येत असे.

"आवो काका, क्लच हाय त्यो, ब्रेक न्हाई. दाबा. आता पयला टाका. आता हळू सोडा. हळू. हळू... सोडला का एकदम!"

गाडीने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि पंचनाम्यासाठी उताणी पडलेल्या म्हशीसारखा उसासा टाकून ती गप्प झाली. त्या आठवड्यात मी ती एकूण किती वेळा बंद पाडली याची नोंद ठेवली नाही. ठेवली असती तर स्वतंत्र रजिस्टर उघडावे लागले असते. मात्र पाचव्या दिवशी पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे वळताना ती न गचकता पुढे सरकली, आणि सबंध चौकातून मी तिला नेले, तेव्हा माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. मी अभिमानाने मास्तराकडे पाहिले. तो मोबाइलवर बोलत होता, आणि त्याचे दोन्ही पाय मात्र त्याच्या बाजूला बसवलेल्या दुसऱ्या क्लचवर आणि दुसऱ्या ब्रेकवर सावकाश, सराईतपणे चालत होते. माझ्या सहीने आजवर शेकडो आदेश निघाले. त्यांतले किती खरोखर माझे होते, या प्रश्नावर मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

अखेर ज्ञान झाले ते रस्त्यावर नव्हे, तर गॅरेजात. शेजारच्या गल्लीतील मिस्त्री एका गाडीची क्लच प्लेट बदलत होता आणि सारे अवयव गोणपाटावर काढून ठेवले होते. मी उकिडवा बसलो आणि विचारले. त्याने दाखवले: हे एंजिनाला जोडलेले जड चाक, हे फ्लायव्हील, ही गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर बसणारी, दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर असलेली चकती, ही क्लच प्लेट, आणि ही तिला स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबले की दाब सुटतो आणि चकती मोकळी होते. पेडल सोडले की ती चिकटते. मधल्या अवस्थेत ती घासते, म्हणजे थोडी निसटते आणि थोडी धरते.

हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि छत्तीस वर्षांत मी नेमके काय करीत होतो याचा उलगडा मला त्या तेलकट गोणपाटावर झाला.

पेट्रोलचे एंजिन हा साहेब आहे. तो अहोरात्र फिरत असतो. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आला तर त्याला मूर्च्छा येते, आणि उभ्या अवस्थेत त्याच्या अंगी यत्किंचितही बळ नसते. रेल्वेच्या वाफेच्या एंजिनाची गोष्ट वेगळी, विजेच्या मोटारीचीही वेगळी. त्या दोघांना स्थिर उभे असतानाच पूर्ण जोर लावता येतो, म्हणून त्यांना क्लचची गरज पडत नाही. आमचा साहेब मात्र फिरता असेल तरच साहेब. उलटपक्षी, गाडीचे चाक हे गाव आहे. ते पेशवाईपासून जागचे हललेले नसते. फिरत्या साहेबाची आणि बसलेल्या गावाची गाठ थेट घालून दिली, तर दोनच गोष्टी संभवतात: एक तर गाव गचका खाऊन तक्रारअर्ज घेऊन वर जाते, किंवा साहेब जागच्या जागी बंद पडतो. ती वेळ येऊ नये म्हणून सरकारने दोघांच्या मध्ये अव्वल कारकून नेमला. साहेबाचा हुकूम आला, की कारकून म्हणतो, 'होय साहेब, आजच'. आणि गावाला म्हणतो, 'बघू, घाई नाही.' प्रथम तो बराचसा निसटतो. मग किंचित धरतो. गाव किंचित हलते. साहेबाचा आवाज किंचित खाली येतो. कारकून आणखी थोडा धरतो. आणि अशा रीतीने घासत, झिजत, दोघांच्याही शिव्या खात, तो अखेर एक वेळ अशी आणतो की साहेब आणि गाव एका गतीने चालू लागतात, आणि आपण मुळात वेगळे होतो याचे दोघांनाही विस्मरण होते. त्या क्षणी कारकुनाकडे कोणाचेही लक्ष नसते.

क्लच प्लेट म्हणजे अव्वल कारकून. ती फार घासली तर जळते आणि तिला एक विशिष्ट करपट वास येतो. आमच्या कचेरीत असा वास दर वर्षी मार्चअखेरीस येत असे.

दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो तो वेगळाच मनुष्य म्हणून. मी क्लच सोडत नव्हतो. प्रकरण हाताळत होतो. पाय अगदी सावकाश वर घेत असताना एका ठिकाणी, जेमतेम बोटभर जागेत, एंजिनाचा आवाज जरासा जड होतो, बॉनेट किंचित मान उचलते, आणि पेडलातून तळपायाला एक बारीक कंप जाणवतो. साहेब आणि गाव यांची पहिली नजरानजर झाल्याची ती खूण. तेथे क्षणभर थांबावयाचे. मास्तराने मला हे ठिकाण दहादा सांगितले होते. परंतु तो त्याला 'पॉइंट' म्हणत होता, आणि मला ते कळले नव्हते.

"जमलं की काका! पर लई येळ हाफ क्लचवर ऱ्हाऊ नका. अर्ध्यावर थांबायचं, मुक्काम न्हाई करायचा."

सातारा हे गाव शिकाऊ माणसासाठी वसवलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसल्यामुळे येथील कोणताही रस्ता एक तर चढतो किंवा उतरतो. सपाट जागा म्हणून जी काही आहे तीवर भाजीवाले बसतात. चढावर पुढची रिक्षा थांबली म्हणजे आपल्याला थांबावे लागते. आपल्या मागे दुधाची मोटारसायकल नाकाला नाक लावून थांबते. आणि मग गाडी तिळमात्र मागे न घसरता पुन्हा पुढे काढण्याचा तो प्रसंग येतो, की ज्यासाठी हँडब्रेक, क्लच आणि रेस या तिघांचा एककालीन मिलाफ घडवावा लागतो. हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, क्लच त्या बोटभर जागेपर्यंत आणायचा, गाडीने मान उचलली की हँडब्रेक सोडायचा. लिहायला चार ओळी लागल्या. शिकायला पावसाळा गेला. त्या काळात आमच्या मंडळी गाडीत एक दगड बाळगीत. समर्थ मंदिराच्या चढावर मी तीनदा गाडी बंद पाडली, की त्या काही न बोलता खाली उतरत, मागच्या चाकाला दगड लावीत, मी निघालो की दगड उचलीत, आणि पदर सावरीत, पुढे कोठेतरी सपाटीवर मी थांबेन या भरवशावर चालत येत. कित्येकदा त्या माझ्या आधी पोचत.

पक्क्या लायसनच्या परीक्षेविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. पहिल्या खेपेस मी आठचा आकडा काढताना मधोमध बंद पडलो. निरीक्षकांनी 'पुन्हा या' असा शेरा दिला, जो सर्वस्वी न्याय्य होता. दुसऱ्या खेपेस पास झालो. परीक्षा देऊन बाहेर आल्यावर मास्तराने मला पेढा भरवला आणि म्हणाला, "काका, आता शिकायला लागा."

तो खरे बोलला. कारण चालवणे आणि चालवण्यात रमणे यांत जे अंतर आहे, ते मला भाद्रपदात यवतेश्वरच्या घाटात कळले. कासच्या पठारावरची फुले पाहायला आम्ही दोघे पहाटेच निघालो होतो. धुके होते, रस्ता ओला होता, आणि पुढे-मागे चिटपाखरू नव्हते. एका वळणावर तिसऱ्या गिअरातल्या गाडीचा आवाज घोगरा होऊ लागला. आजवर मी अशा वेळी स्पीडोमीटर पाहत असे, मास्तराचे वचन आठवत असे, मग घाबरून दांडा हलवत असे. त्या दिवशी यांपैकी काहीही केले नाही. पाय आपणहून दाबला गेला, हात आपणहून दांड्यावर गेला, दांडा लोण्यातून सुरी जावी तसा दुसऱ्यात उतरला, एंजिनाचा स्वर एकदम चढून मोकळा झाला, आणि गाडी वळणातून अशी वर निघाली, की जणू घाटच तिच्यासाठी थोडा खाली वाकला होता. काय झाले ते मला नंतर कळले. पहिल्या गिअरात चाकाच्या एका फेऱ्याला एंजिनाचे पंधरा-सोळा फेरे होतात, आणि टॉपमध्ये चारेक. म्हणजे गिअर बदलणे हे बळ आणि वेग यांच्यातले हिशेबाचे परिवर्तन होय, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. परंतु तो हिशेब कानाने करता येतो, आणि बरोबर आला की छातीत कोठेतरी एक घंटा वाजते, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही.

मी मोठ्या आशेने डावीकडे पाहिले. आमच्या मंडळी खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आता एकदम टाकलात. नाहीतर आधी दोनदा विचार करता, तेवढ्यात ती दमते."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"आवाज कळतो की."

येताना तोच घाट मी दुसऱ्यातच उतरलो. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा मामांचा दंडक होता; पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांविषयी त्यांना जे वाटे, ते येथे छापण्याजोगे नाही. गाडी गिअरात असली की एंजिनच तिला मागून धरून ठेवते, आणि ब्रेक तापून ऐनवेळी हात टेकण्याचा प्रसंग येत नाही. ज्या साहेबाने गावाला वर ओढत नेले तोच उतारावर गावाला आवर घालतो. मात्र मधला कारकून जागेवर पाहिजे.

गिअरबॉक्स ही चीज निघाली तेव्हा ती काही नाजूक नव्हती. १८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल लेव्हासोर याने सरकत्या दातेरी चाकांची ही व्यवस्था मोटारीत बसवली. ती रांगडी आहे पण चालते, असे त्यानेच म्हटल्याची आख्यायिका आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, दाते तिरपे झाले, पितळी कडी आली, आणि तरी मुळातला रांगडेपणा पुरता गेलेला नाही. अजूनही चुकीच्या वेळी दांडा लोटला तर ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात निषेध नोंदवते. मला हा तिचा गुण वाटतो. ज्या यंत्राला आपली चूक मुकाट्याने सोसावयाची सवय लागते, त्याच्या संगतीत मनुष्य बिघडतो.

म्हणूनच माझ्या पुतण्याने मागे पुण्याहून आणलेल्या गाडीविषयी माझे मत फारसे अनुकूल होऊ शकले नाही. तीत क्लचचे पेडलच नव्हते. २०१४ साली सेलेरिओपासून ही सोय आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांतही आली, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. मी चौकशी केली, तेव्हा कळले की क्लच आहे, प्लेट आहे, गिअरबॉक्सही जुनाच आहे. फक्त पाय काढून त्या जागी एक यंत्र बसवले आहे, आणि ते संगणकाच्या सांगण्यावरून दाबते आणि सोडते. म्हणजे हस्तलिखित सातबारा जाऊन संगणकीय सातबारा आला, त्यातलाच हा प्रकार. जमीन तीच, कुळे तीच, बांधावरची भांडणेही तीच. तलाठी मात्र कोणाला दिसत नाही. पुतण्याने मला चालवून पाहण्याचा आग्रह केला. मी राजवाड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी उत्तम होती. गिअर ती स्वतः बदलत होती, आणि बदलण्यापूर्वी क्षणभर थबकत होती. त्या थबकण्यात मला, साहेबांचे मत अजमावून मगच फाइल पुढे सरकवणाऱ्या नव्या उमेदवाराची आठवण झाली. डावा पाय मात्र मी सबंध वेळ, एखाद्या निलंबित कर्मचाऱ्यासारखा, बाजूला घेऊन बसलो होतो.

हे लिहावे असे मनात येण्याचे खरे कारण निराळेच आहे, आणि ते मी इतका वेळ टाळले. यवतेश्वरच्या त्या फेरीनंतरच्या दिवाळीत आमच्या मंडळींनी, मला न विचारता, कच्च्या लायसनसाठी अर्ज केला. वय त्या वेळी चौपन्न. मी नियमाला धरून काही हरकती उपस्थित केल्या. त्या फेटाळण्यात आल्या. मास्तर तोच. पहिल्या दिवशी मीही गेलो. पुढे मास्तर, चाकापाशी त्या, आणि माझ्यासाठी अर्थातच मागची जागा. त्यांनी आपली पर्स, छत्री आणि चष्म्याची पेटी माझ्या मांडीवर ठेवली.

मास्तराने पेडले दाखवली. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, अनवाणी पाय क्लचवर टेकवला, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, आणि पाय वर घेऊ लागल्या. मी डोळे मिटून गचक्याची वाट पाहत होतो. गचका आला नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी, पाण्यावरून होडी निघावी तशी, रस्त्याने चालली होती. मी वाकून मास्तराचे पाय पाहिले. ते खाली, चटईवर, स्वस्थ होते.

मास्तरही चकित झाला होता. "काकू, आधी कुठं चालवत हुता?"

"चालवते की रोज. तीस वर्षं झाली."

"कंची गाडी?"

"पायाचं शिवणमशीन."

आणि मग, नजर रस्त्यावरून न हलवता, त्यांनी त्याला समजावून सांगितले, की मशीन सुरू करताना चाकाला हाताने एक फिरका द्यावा लागतो आणि त्याच वेळी पायाने पायटा धरावा लागतो; पाय घाई करील तर चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो, पाय मागे राहील तर शिवण गोळा होते. जाड कापड आले, की आवाज बदलतो. मग जोर बदलायचा. जॉर्जेट असेल तर नुसता पाय ठेवायचा, दाबायचा नाही. "तुमचा क्लच म्हणजे तसंच की काहीतरी," त्या म्हणाल्या. माझ्या फ्लायव्हीलच्या, साहेबाच्या आणि गावाच्या सिद्धान्ताचे बाड मी जेवणाच्या ताटावर त्यांना निदान चाळीस वेळा वाचून दाखवले होते. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

पोवई नाक्याच्या चढावर रिक्षा थांबली. आम्ही थांबलो. मागे ट्रक उभा राहिला. माझा गळा सुकला.

"हँडब्रेक ओढ. आता रेस—"

"अहो, पर्स धरली आहे ना नीट? मग बसा."

मी पर्स धरली. गाडी निघाली, रिक्षाला वळसा घालून वर लागली आणि राजवाड्याच्या दिशेने वेग घेऊ लागली. बाहेर दुकानांच्या पाट्या नेहमीप्रमाणे मागे पळत होत्या. बऱ्याच वेळाने मी मान वाकवून पुढच्या दोन आसनांमधून पाहिले. दांडा तिसऱ्यात होता. तो तिथे केव्हा पडला, ते मला मागे बसून कळलेच नव्हते.